उत्तर ध्रुवावर जेवताना तोंड कुठे करावं

मला खरं तर दुसरं बक्षीस हवं होतं. दोन दारांचा फ्रीज. आमचा फ्रीज मध्यरात्री म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो, आणि मी स्वतः शीतगृहं बसवून द्यायच्या धंद्यात असल्यामुळे माझ्या बायकोला, मेधाला, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी वाटत नाही. साकीनाक्याला आमचं छोटं ऑफिस आहे. ज्या परदेशी कंपनीचे कॉम्प्रेसर आम्ही विकतो, तिच्या मालकाने डीलर लोकांसाठी सोडत काढली. तिसरं बक्षीस मिक्सर, दुसरं फ्रीज, पहिलं अंतराळप्रवास. मालकाने स्वतःसाठी एक खासगी यान ठरवलं होतं, पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून फिरणारं, आणि त्यात एक जागा उरली होती.

"म्हणजे फ्रीज नाही?" मेधाने विचारलं.

असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी खर्चाबद्दल मला विचारू नये. मला तो कुणी सांगितला नाही आणि मी काढायला गेलो नाही. व्हिसा मात्र स्वतःचा स्वतः काढावा लागतो, अंतराळात जात असलात तरी.

खरी अडचण आईची होती. आई आमच्याकडेच असते, मुलुंडला. तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, दोन जिने चढली की दम लागतो. ऑपरेशन लवकर करा असं डॉक्टर सांगत होते. आईने ऑपरेशनला नाही म्हटलं नव्हतं, तिने टेबलाला नाही म्हटलं होतं. माझी मोठी बहीण, सुनीताताई, घाटकोपरला राहते. तिला घेऊन आई हॉस्पिटल बघून आली आणि ऑपरेशनच्या खोलीत सूर्य कुठल्या बाजूने येतो ते तिने तिथल्या नर्सला विचारलं. टेबलावर झोपलं की डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला येत होते.

"मेलेल्या माणसाला तसं ठेवतात," आई म्हणाली. "मी अजून आहे."

दिशांच्या बाबतीत आमचं घर कडक आहे. ज्याची आई हयात आहे त्याने दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं नाही, आईचं आयुष्य कमी होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत आणि त्यातली एक दक्षिणेकडे तोंड केलेली. ती बाबांची. त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती, त्यामुळे त्या खुर्चीवर बसायची परवानगी घरात त्यांना एकट्यालाच होती. बाबा गेल्यापासून तिच्यावर रद्दी असते. पाहुणे आले की आम्ही स्टूल आणतो.

मी आईला सांगितलं, तुझं ऑपरेशन झाल्याशिवाय मी कुठे जात नाही. यान काही थांबणार नव्हतं, पण फ्रीजवाल्या डीलरशी अदलाबदल जमते का ते मी विचारून ठेवलं होतं. आईने दोन दिवस विचार केला.

"तू जाऊन ये," ती म्हणाली. "आलास की मी त्या टेबलावर झोपते. पाय कुठे का येईनात. पण तिकडे दक्षिणेला तोंड करून जेवायचं नाही. जेवलास तर मी चढायची नाही, मग डॉक्टर घरी येऊन पाया पडला तरी."

तेवढे दिवस गोळ्यांवर निघतील, पण त्याहून जास्त थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा माझ्या प्रवासाचा उद्देश पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता: बघून यायचं आणि नीट जेवून यायचं.

मुलुंडहून विमानतळावर जाताना कांजूरमार्गला लिंक रोडवर वळलो आणि पवईपाशी अडकलो. ज्या वेळात आम्ही अंधेरीला पोहोचलो, त्या वेळात नंतर यानाने मला पृथ्वीभोवती एक अख्खी फेरी मारून आणलं. टॅक्सीवाल्याने कुठे निघालात म्हणून विचारलं. मी अमेरिका म्हटलं. पुढचं सांगितलं असतं तर त्याने मागे वळून बघितलं असतं, आणि त्या रस्त्यावर ते परवडत नाही.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. गोल फिरवतात, पाण्यात बुडवतात, आणि हे दोन्ही झाल्यावर बरं वाटतंय का विचारतात. खाण्याचे पदार्थ तपासणारी एक वेगळी खोली असते. मेधाने दिलेली भाजणीची चकली तिथल्या माणसाने एकदाच मोडली, टेबलावर सांडलेल्या चुऱ्याकडे बघितलं आणि डबा परत केला. वजन नसलं की चुरा तरंगतो, यंत्रात जातो, डोळ्यात जातो. चिवडा त्याने उघडलाही नाही. पास झाली ती फक्त फणसपोळी. चुरा नाही, तेल नाही, कितीही दिवस टिकते. अंतराळात जाणाऱ्यांनी फणसपोळी न्यावी, हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे.

आम्ही चौघं होतो. कंपनीचा मालक, कमी बोलणारी एक कप्तान, इंग्रिड नावाची नॉर्वेची फोटोग्राफर आणि मी. रॉकेट सुटलं ते सरळ दक्षिणेकडे. ध्रुवांवरून जायचं म्हटलं की असंच सुटावं लागतं. मी हे घरी सांगितलं नव्हतं, पण टीव्हीवरच्या बाईने सांगितलं. छातीवर कुणीतरी लोखंडी कपाट ठेवावं तसा भार आला आणि मग एकदम कुणीतरी ते उचलून नेलं. पट्ट्याखालून माझं पेन बाहेर आलं आणि चेहऱ्यासमोर उभं राहिलं.

पहिला दिवस मी फक्त ओकलो. यात लाजण्यासारखं काही नाही, मालकही ओकत होता. जेवणाचा प्रश्नच आला नाही, त्यामुळे दिशेचाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि मी कप्तानला विचारलं की इथे उत्तर कुठे असते. असा प्रश्न तिला आधी कुणी विचारला नसावा. मी कारण सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने हिशेब करून सांगितलं की यान दक्षिण ध्रुवाकडून वर येत असेल तेव्हा पुढे तोंड कर, उत्तर ध्रुवावरून खाली जात असेल तेव्हा मागे. दर पाऊण तासाने पाठ फिरवायची, एवढंच. दक्षिण ध्रुवाच्या बरोब्बर वर असलास तर कसंही बस, तिथे सगळीकडे उत्तरच असते.

"आणि उत्तर ध्रुवावर?" मी विचारलं.

"तिथे उपास कर," ती म्हणाली.

डोकं उत्तरेला करून झोपू नये हा नियमही मी काढला, पण यान स्वतःच फिरत असल्यामुळे कप्तानने तो विषय पुढे नेला नाही. इंग्रिड सगळं ऐकत होती. तिचे आजोबा मासेमारी करायचे आणि बोटीवर कुणी शिट्टी मारली तर त्याला जेवण द्यायचे नाहीत, कारण शिट्टीने वादळ येतं. "मी अजून समुद्रावर शिट्टी मारत नाही," ती म्हणाली. त्यानंतर उत्तरेचा हिशेब ती माझ्याबरोबर ठेवू लागली.

आता ध्रुवांबद्दल. यानाच्या नाकाशी काचेचा घुमट आहे, त्यात एका वेळी दोन डोकी मावतात. मार्चअखेर होती, त्यामुळे दोन्ही टोकांना सूर्य क्षितिजाला चिकटून होता, उत्तरेला वर येत असलेला आणि दक्षिणेला मावळत असलेला. अंटार्क्टिका पहिल्यांदा खाली आली तेव्हा मला ती ओळखू आली नाही. ढग कोणता आणि बर्फ कोणता ते कळत नव्हतं. मग इंग्रिडने दाखवलं, ज्याची सावली पडते तो ढग, आणि जो ती झेलतो तो बर्फ. त्यावर रस्ता नाही, दिवा नाही, शेताची चौकट नाही. मुंबईच्या माणसाला एवढी रिकामी जागा बघून आधी संशय येतो. मग मला ती इतकी सुंदर वाटली की माझी पाळी संपली तरी मी घुमटातून डोकं काढलं नाही.

आमच्या धंद्यात बर्फ जमणं म्हणजे तक्रार असते. गिऱ्हाईक फोन करतं, भिंतीवर थर चढलाय, माणूस पाठवा. उत्तरेचा बर्फ मी त्या नजरेने बघितला. त्याला लांबच लांब चिरा होत्या, मध्ये काळं पाणी, कडेला सुटे तुकडे. डिफ्रॉस्टचं बटण दाबल्यावर थोड्या वेळाने दार उघडलं की आत जसं दिसतं, तसं. इथे बटण कुणीतरी आधीच दाबलेलं आहे आणि खाली फडकं ठेवायला कुणी नाही. हे मी मालकाला म्हटलं. त्याने मान हलवली आणि खिडकी सोडून आत गेला.

तिसऱ्या दिवशी मालकाने जाहीर केलं की आज उत्तर ध्रुवावर मेजवानी. चौघांनी जगाच्या माथ्यावर जेवायचं आणि घरच्यांनी ते थेट बघायचं. हे म्हणे आधीपासून ठरलेलं होतं. करारात होतं. मी करार वाचला नव्हता, त्यात फ्रीज नव्हता म्हणून.

मला खरंच भीती वाटली. अंतराळाची वाटली नव्हती इतकी. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता, आई पहिल्या रांगेत होती, ताई घाटकोपरहून आली होती. मी खाल्लं नाही तर पोरगं आजारी म्हणून आईचा जीव वरखाली, आणि खाल्लं तर ऑपरेशन रद्द. इंग्रिडने कानात सांगितलं, "झाली सुरुवात. ध्रुव खाली आहे." माझ्या हातात फणसपोळी होती.

पडद्यावर आधी कुणाचा तरी कान दिसला, मग आई.

"बरा आहेस ना रे?"

"बरा आहे."

"वाळलायस. खा काहीतरी." मग ती थांबली. शाळेत तिला भूगोल चांगला असावा. "आता कुठे आहेस तू?"

"उत्तर ध्रुवावर."

"तोंड कुठे आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पण आई समोर दिसत होती, आणि तिच्यामागे सगळी सोसायटी.

"आई, इथे सगळीकडे दक्षिणच आहे गं. कुठेही वळलो तरी दक्षिण. दुसरी दिशाच नाही."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज थेट ध्रुवावर आला.

"मग कसं करतोस?" आईने विचारलं.

"त्यातल्या त्यात मुलुंडकडे तोंड करून बसलोय," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. इंग्रिडने हिशेब करून मला तसं वळवलं होतं.

 चित्र अडकलंय असं मला वाटलं. ताईचा हात तिच्या खांद्यावर आलेला दिसला.

"खा मग," आई म्हणाली. "मी बघतेय."

मी फणसपोळी खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा दक्षिणेकडे तोंड करून जेवलो आणि घास गिळताना माझे डोळे भरले. वजन नसलं की पाणी खाली पडत नाही, डोळ्यावरच साचून राहतं. इंग्रिडने रुमाल दिला.

समुद्रात उतरलो. परत येण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की हात फार जड लागतात. मुंबईत टॅक्सी लिंक रोड संपवून कांजूरमार्गला वळली, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आला आणि मी काच वर केली नाही. घरी आई दारात होती. ओवाळताना तिने मला आधी पूर्वेकडे वळवलं. ऑपरेशनचं ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. त्या आठवड्यात ताईने तीनदा फोन केला, मी तिन्ही वेळा तेच सांगितलं, अजून काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी आईने स्वतः पिशवी भरली.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत मला जाऊ दिलं. ताई रस्त्यात होती, अजून पोहोचली नव्हती. दार उघडं होतं, आतलं टेबल दिसत होतं. आईने स्ट्रेचरवर मान उचलून बघितलं.

"पाय दक्षिणेलाच येणार ना?"

"हो."

"दक्षिणेला काय येतं आपल्या?"

मी विचार केला. भांडुप येतं, कांजूर येतं, विक्रोळी येतं. "घाटकोपर," मी म्हणालो.

आई पुन्हा आडवी झाली. "मग चालेल," ती नर्सला म्हणाली. "लेक राहते माझी तिथे."

लोक विचारतात, एवढं जाऊन काय राहिलं लक्षात. बर्फ राहिला. रात्री फ्रीज खोकायला लागला की मी उठून दार उघडतो आणि आतला थर बघत उभा राहतो, मेधा आतून दार लावायला सांगते. रद्दीची खुर्ची आहे तिथेच आहे. आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आईला भेटायला सोडलं ते राहिलं. ताई एका बाजूला, मी एका बाजूला. त्रास झाला का, काही कळलं का, असं ताईने विचारलं.

"काही नाही गं," आई म्हणाली. "तुझ्याकडे निघाले होते. विक्रोळीला डोळा लागला."