सगळे घरी आले?

"ऑल होम, मॅम?"

आमच्या कंपाउंडच्या फाटकाशी गाडी थांबली, की दांडा वर करायच्या आधी तो वाकून आत बघायचा आणि हे विचारायचा. आता तुम्हीच सांगा, सौदीतल्या धाहरानच्या उन्हात दिवसभर फाटकावर भाजून निघालेल्या माणसाला असले प्रश्न सुचतात? पहिल्यांदा मी चिडलेच. म्हटलं, "तुला काय करायचंय? तू सिक्युरिटी ना?"

"नो मॅम. तानोद."

तानोद हा त्याच्या फिलिपिन्समधला शब्द. राखणारा, लक्ष ठेवणारा. पण बाहेरून आणलेला पहारेकरी नव्हे, वाडीनं आपल्यातलाच नेमलेला. त्याचा बाप तानोद. तिन्हीसांजेला काठी आणि बॅटरी घेऊन दारोदार विचारत जायचा, सगळे घरी आले का म्हणून.

"आमच्याकडे वाडीला जो शब्द आहे ना मॅम, तो जुन्या होडीचा," तो मोडक्या हिंदीत सांगायचा. "एका होडीतून आले, ते एका वाडीचे. मग कोण मागे राहिलं, बघायला नको?"

सिन्नरहून आई आली होती, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, म्हणजे आपला जागल्याच की!" झालं! त्या दिवसापासून जागल्याला रोज थालीपीठ. तो तिला 'नानाय' म्हणायचा, म्हणजे आई. तिला हिंदी धड येईना, त्याला मराठी. तरी दोघं फाटकापाशी काय गप्पा मारायची, देव जाणे.

बाप अजून फेरीला जातो, हे तिनंच त्याच्याकडून काढून घेतलं. फेरी सुरू व्हायची ती स्वतःच्या घरापासून, आणि आपल्याच दाराशी म्हातारा म्हणायचा, "एक बाहेर आहे."

फाटकावर याच्या जागी माणूस मिळेना, म्हणून याचं घरी जाणं सारखं पुढे ढकललं जात होतं. "म्हातारा चालतोय तोवर पोचायचंय, नानाय," तो एकदा म्हणाला. आईनं पदर डोळ्यांना लावला.

आईला विमानतळावर सोडायला निघालो, तेव्हा सवयीनं तो वाकला. "ऑल हो..." म्हणाला, आणि मागच्या सीटवरच्या तिच्या बॅगा त्याला दिसल्या. दांडा वर करायलाही विसरला.

मग एक दिवस भर दुपारी तो नाचतच दाराशी आला. "खलास, मॅम! एक्झिट!" सौदी सोडून कायमचं घरी जायचा व्हिसा हातात पडला होता.

महिन्याभरानं त्याचा व्हिडिओ आला. गुडघे धरत चालणारा म्हातारा, हातात काठी. आपल्याच दाराशी थांबून त्यानं काहीतरी विचारलं आणि आतून याचा आवाज आला. म्हातारा तसाच काठीवर टेकून उभा राहिला. पुढच्या घरी जाईच ना. मी तो व्हिडिओ आईला पाठवला. "पोचला गं बाई!" म्हणून ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, "तू कधी येतेस?"

आता फाटकावर कॅमेरा आहे. तो गाडीचा नंबर वाचतो, दांडा आपोआप वर जातो. काल संध्याकाळी मी तरीही थांबले, कोणी वाकून विचारेल म्हणून. मागच्यानं हॉर्न वाजवला, मुलगी म्हणाली, "मम्मा, गो ना!"

आईला आठवून मी मोठ्यानंच म्हटलं, "नाही रे बाबा. एक बाहेर आहे."