गेटसमोरचं गवत

साहेबांनी "हे गवत आजच्या आज उपटा" असं फर्मावलं आणि सिंधूबाई खुरपं खाली ठेवून वाफ्याच्या कडेला बसून राहिल्या. मी धावत पोचलो तेव्हा साहेबांचा पारा चढलेला होता.

गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत मी गार्डन सुपरवायझर आहे; साहेब म्हणजे आमचे कॉलनी मॅनेजर. ते गवत नव्हतं, पावसात फुलणारी रेन लिली होती. ही बहुवर्षायू, म्हणजे एकदा रुजली की वर्षानुवर्षं फुलणारी. विकतचे कंद आमच्या काळ्या मातीत सडायचे. इथेच बी पेरून वाढवलेलं रोप टिकेल, असा माझा हट्ट. पण बियांची लिली पहिलं वर्षभर नुसती गवतासारखी हिरवी काडी असते.

"परवा डायरेक्टर येतायत. इथे झेंडूच्या कुंड्या मांडा," साहेब म्हणाले. "आणि या बाई उद्यापासून नकोत. ऐकत नाहीत."

सिंधूबाई ठेकेदाराकडच्या मजूर, मूळच्या आरमोरीकडच्या, धानाच्या, म्हणजे भातशेतीच्या घरच्या.

"साहेब, लहानपणापासून धानाच्या बांधीत निंदण केलं मी," त्या बसूनच म्हणाल्या. "धानातलं गवत धानावानीच दिसते. आमी बुडाशी बोट लावून ओळखतो. इथी बोट लावा, कांदा लागते. हे गवत नाई."

साहेबांनी बोट लावलं नाही. मी एक काडी उकरली आणि मुगाएवढा कंद त्यांच्या तळहातावर ठेवला.

"फूल कधी?"

"पुढच्या पावसाळ्यात."

"डायरेक्टर परवा येतायत."

"येऊ द्या. मी उपटणार नाही. बाईंना काढायचं तर आधी मला काढा. तसं लेखी द्या."

आतून मी घाबरलेलो होतो, आणि संतापलेलोही. पेरल्यापासून त्या बाईंनी एकेक काडी चाचपून गवत वेगळं केलं होतं. साहेबांनी कंद खाली टाकला आणि निघून गेले. लेखी काही आलं नाही.

डायरेक्टरांची गाडी काचा वर करून गेली. त्यांनी वाफा पाहिला नाही, आणि कुंड्या असत्या तरी त्याही पाहिल्या नसत्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये वाफा गुलाबी झाला. साहेब पाहुण्यांना दाखवत होते, "आम्ही बियांपासून केलंय."

"आता 'आमी' म्हणून राह्यले," सिंधूबाई निंदता निंदता म्हणाल्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. निंदायला नवा माणूस आला की पहिला दिवस सिंधूबाईंच्या शेजारी बसवायचा. नवा साहेब आला तरी.