पाणी दिलेल्या पट्ट्या

आमच्या ह्याइले कोणी काही शिकवायले जाऊ नये. सारी जिंदगी पोलादाच्या प्लांटमध्ये लोखंड तापवलं, लालभडक झालं की पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवून कडक केलं. रिटायर झाले तरी डोक्यातली भट्टी चालूच. घरचा विळा, शेजारच्या दुर्गाबाईची सुरी, सगळ्याइले पाणी देऊन बसले. अमरदीपभाऊनं पाणी दिलं की धार जात नाई, असं मोहल्ला म्हणते. खरं आहे थे, म्हणूनच तर जास्त राग येते.

पोरगी आमची संघमित्रा. कॉलेजात जवसाच्या तेलापासून एपॉक्सी बनवून राहिली होती, म्हणजे दोन डबे कालवले की दगडासारखी घट्ट होते थे राळ. जवसाची राळ जरा लेचीपेची, म्हणून तिच्यात ग्राफिनची चिमूटभर काळी भुकटी घालायची, का ताकद येते. "जवसाची आम्ही चटणी करतो, तू काय करून राहिली वं?" मी चिडवायची. ती हसायची.

हथखोजच्या एका कारखानदारानं तिले सांगितलं, सोमवारी या राळेच्या पट्ट्या आण, मशीनवर खेचून पाहू, टिकल्या तर नौकरी पक्की. प्लांटमध्ये भरती कुठं आहे आता? आमाले सोडून जायचं नव्हतं पोरीले, म्हणून या एका नौकरीवर जीव टांगला होता तिचा.

कॉलेजातला ओव्हन बिघडलेला. पट्ट्या पक्क्या करायचा शेवटचा शेक तिनं रविवारी घरच्या केकच्या ओव्हनात दिला. "बाबा, बंद केला आहे, पण उघडू नका. आपोआप थंड होऊ द्या," असं बजावून ती जुनवानीले गेली, मैत्रिणीचा चांगला ड्रेस आणायले. मी विहारात होती. हे घरी एकटे.

सोमवारी दुपारीच ती परत आली. मशीनवर पहिली पट्टी कटकन तुटली, दुसरीही. बिनाभुकटीची साधी राळसुद्धा यापेक्षा जास्त ताण सोसते म्हणे. कारखानदार हसला, "बेटा, इसकी चटनी ही बनाओ." माझ्या घरातली गंमत परक्याच्या तोंडी ऐकून मले मिरची झोंबली.

संघमित्रा तुकडे उलटेपालटे करून पाहत होती. काळ्या पट्टीवर पांढरे डाग. आमच्या बोरिंगचं पाणी असेच डाग सोडते. तिनं हळूच इचारलं, "आई, बाबांनी बुडवल्या का?"

मी अंगणात जाऊन ह्याइले इचारलं.

"हाव. गरम होत्या तवाच सांडशीनं काढल्या, बालटीत पाणी दिलं, पुसून परत ठेवल्या," हे छाती फुगवून बोलले. "पोरगी इसरलीच होती."

माझ्या जिभेवर आलंच होतं, पण तिनं माझा हात धरून सैपाकघरात नेलं. गरम राळ एकदम थंड केली का आतून तडकते, डोळ्याले दिसत नाई, हे तिनं मले तिथं सांगितलं. आणि वरून म्हणे, "बाबांना सांगशील तर माझी शपथ."

कारखानदारानं नंतर तिचा फोनच उचलला नाई. थे जागा दुसऱ्याले गेली. पोरगी आता पुण्यात नौकरीले आहे, वर्षातून एकदा येते. घर खायले उठते, अन् शपथेपायी मी तोंड दाबून बसली आहे.

हे मात्र चहाच्या टपरीवर सांगत फिरतात, "मी पाणी दिलं म्हणून तेवढं तरी टिकलं, नाई तर हातातच मोडलं असतं." आणि दर रविवारी फोनवर तिले बजावतात, "बेटा, तिथं तरी पाणी देत जा. इसरू नको."

"हाव बाबा," ती म्हणते, "देते."