दोन लाल खडे आणि पाण्याची वाटी

नवेगाव बांधहून एक अंगणवाडी सेविका माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या रुमालाच्या गाठीत दोन लाल खडे होते. तिच्या आईच्या कानातले. आई धानाच्या रोवण्याच्या चिखलातही ते काढत नसे. ती गेल्यावर सोनं थोरल्या भावाकडे राहिलं आणि खडे हिने मागून घेतले. तिला दोन लोलक हवे होते, एक स्वतःला, एक धाकट्या बहिणीला.

"पण पक्के बसवजा ताई. मायची एवढीच चीज आहे आमच्यापाशी."

मी गोंदियात घरच्या मागच्या खोलीत चांदीच्या मातीचे दागिने करते. ही माती म्हणजे चांदीची बारीक पूड, पाणी आणि चिकटवण. कणकेसारखी मळायची, आकार द्यायचा, वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं. चिकटवण जळून जातं, मागे निखळ चांदी उरते. भाजताना ती आकसते, म्हणून ओल्या मातीत नीट दाबलेला खडा तिच्या पकडीत आपोआप घट्ट बसतो. अर्थात तो खडा आच सोसणारा असला तर.

यासाठी मी कपाटाच्या दारावर यादी लावली आहे. त्यातला प्रत्येक खडा मी आधी एकटा भाजून पाहिला आहे. मोती आणि पोवळं भट्टीत टाकायचंच नाही, चुन्यासारखं भुसभुशीत होतं. फिरोजा काळा पडतो. जांभळ्या खड्याचा रंग उडतो. अमेरिकन डायमंड बहुतेक टिकतो. माणिक टिकतं. काच असेल तर भरवसा नाही. शंका असेल तर जागा रिकामी ठेवून भाजायचं आणि खडा नंतर, चांदी गार झाल्यावर बसवायचा.

माझे सासरे, मामाजी, यांनी आयुष्यभर सराफ्यात सोनारकाम केलं. दुकान बंद झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी बसू लागले. माझ्या मातीला ते "बच्चों का खेल" म्हणत, पण रोज दहाच्या ठोक्याला खुर्चीवर हजर. त्यांनी भिंग लावून दोन्ही खडे पाहिले.

"असली माणिक आहे, बेटा. घाल भट्टीत."

"पहिला एकच घालते, मामाजी. तो नीट निघाला तर दुसरा."

एक खडा ओल्या मातीच्या लोलकात दाबला, लोलक वाळवून भट्टीत ठेवला. आच हळूहळू चढवली, वेळ वहीत लिहिली, भट्टी बंद केली. आता खडा आत हळूहळू गार व्हायला हवा होता, दार न उघडता, तासन्‌तास. इतक्यात कुकरची तिसरी शिटी झाली, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

परत आले तर भट्टीचं दार उघडं होतं. मामाजींच्या हातात चिमटा, चिमट्याखाली पाण्याची वाटी. पाणी अजून चुरचुरत होतं. सोनार तापलेली चांदी पाण्यात विझवतोच. पन्नास वर्षांत त्यांनी ते किती वेळा केलं असेल. बिनखड्याचे दागिने मीही त्याच वाटीत विझवते.

लोलक सुंदर झाला होता. खड्यातून मात्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरी रेघ गेली होती.

मामाजींनी चिमटा खाली ठेवला. "हात आपोआप गेला गं," एवढंच म्हणाले आणि खोलीतून निघून गेले. मला राग आला होता, पण कुणावर काढणार? कपाटावरच्या यादीत कोणता खडा किती आच सोसतो हे सगळं होतं. गरम खडा पाण्यात बुडवू नये, ही ओळ नव्हती. मला माहीत होतं म्हणून मी लिहिलीच नव्हती.

पुढचे चार दिवस मामाजी टेबलाकडे फिरकले नाहीत. मी दुसरा लोलक रिकामाच भाजला, मधोमध चांदीच्या पट्टीचं गोल कोंदण ठेवून. खड्याला आता आच दाखवायचीच नाही, हे ठरलं होतं.

ती बाई शनिवारी आली. मी बोलायला तोंड उघडलं, तोच मामाजी दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, एक खडा माझ्या हातून फुटला. सुनेची चूक नाही. गरमच पाण्यात टाकला मी."

तिने लोलक हातात घेतला. रेघेवरून अंगठा फिरवला. डोळे भरले, पण आवाज तसाच सरळ.

"अशी कशी घाई केली बाबाजी? इतकी उमर सोनारकी करून?"

"आता काय सांगू."

"आन् दुसरा?"

"अख्खा आहे," मी म्हणाले. "तो भट्टीत जाणार नाही. या कोंदणात थंडच बसवायचा आहे."

"कोन बसवते?"

"ही बसवते," मामाजी घाईने म्हणाले. "मी नाही."

"काऊन? तुमी नाही तं कोन? हिले मातीचं काम येते. कोंदन तुमी जनमभर केलं." तिने रुमालाने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसली. "मी इथंच बसून राहते. पाहते कसे फोडता ते."

मामाजींना हसू आलं नाही, मला आलं. मी दिवा जवळ ओढला. त्यांनी खडा कोंदणात ठेवला, तिरपा करून पाहिला, पुन्हा ठेवला. मग गुळगुळीत सळईने कड दाबू लागले. आधी एक बाजू, मग तिच्या समोरची, मग उरलेल्या दोन.

त्यांनी लोलक उलटा करून तळहातावर आपटला. खडा हलला नाही.

"हा बहिणीले," ती म्हणाली. "तिले फुटल्याचं सांगू नका." चिरलेला तिने तिथेच दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि पदराखाली सारला. मग मामाजींना विचारलं, "चहा मिळंल का बाबाजी? बस चुकवली मी तुमच्यापायी."