फौजेची बांधी

भूत म्हटलं की आधी त्याचं आधार कार्ड मागणारा मी माणूस. गोंदियात मोटरपंप दुरुस्तीचं दुकान, घर मुर्रीला. पंप खोला, वायर जळाली का बघा, विषय संपला! म्हणून हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण लिहितो.

दोन वर्षांपूर्वी सालेकशाकडे, रेल्वे लाईनच्या अलीकडे, धानाची जमीन ठेक्याने घेतली. आमच्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात. त्यातल्या एकीला लोक फौजेची बांधी म्हणायचे. कधीकाळी तिथं एक फौज हरली, गावकऱ्यांनी मेलेल्या शिपायांना तिथंच पुरलं आणि प्रत्येकाच्या उशाशी एकेक दगड ठेवला. कोणाची फौज? कोणी म्हणे राजाची, कोणी म्हणे लुटारूंची. हरली होती, एवढ्यावर मात्र गावाचं एकमत. मला ट्रॅक्टर फिरवायला ते दगड आडवे येत होते. जेसीबी बोलावून सगळे उपटले आणि पांदण रस्त्याच्या खड्ड्यांत भरून टाकले.

रोवणीचा, म्हणजे धान लावायचा दिवस होता. संध्याकाळचे पाच, चांगला उजेड. काम संपलं तशा बाया एक शब्द न बोलता चिखलातून निघाल्या. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून ओरडलो, "काऊन वो, तोंडाले कुलूप लावलं का?"

त्यांची म्होरकी कौसल्याबाई जवळ आली. हळूच म्हणाली, "भाऊ, या बांधीत 'घरी चला' म्हणत नाही जी. हे पडले तवापासून त्यायले कोणी म्हटलंच नाही. वाट पाहून राहिले ते."

माझं डोकं सटकलं. मी मुद्दाम एसटीच्या कंडक्टरसारखा आवाज काढला, "चला रे फौजवाल्यांनो! सुट्टी झाली! घरी चला सारे!"

एकही बाई हसली नाही. कौसल्याबाईने फक्त विचारलं, "भाऊ, घरी कोन आहे?"

"आई."

ती पाय धुवायला निघून गेली.

रस्त्यात काहीही झालं नाही, हे मुद्दाम सांगतो. बाईक नीट चालली, आमगावला थांबून मी चहासुद्धा प्यायलो.

घरी आलो तर आई मागच्या चुलीपुढे. आम्ही दोघंच राहतो. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, काठीशिवाय पाऊल टाकत नाही. आणि ती लग्नाकार्याच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, भात शिजवत होती! तो गंज मला एकट्याला माळ्यावरून निघत नाही.

मान वर न करताच म्हणाली, "येवढी मानसं आनाची होती त फोन त कराचा!"

"कोण माणसं?"

"आंगनात बसले ना. पाय धुवाले पानी देल्लं मी."

अंगणात कोणी नव्हतं. पण माझं सिमेंटचं अंगण चिखलाने भरलं होतं, बांधीतल्या चिखलाने. समोरासमोर दोन रांगांत बसल्याचे ओले ठसे, पंगतीला बसतात तसे.

तेवढ्यात आई माझ्या बाजूने फाटकाकडे निघाली. पायात चप्पल, हातात काठी नाही, ताठ. "त्यायले आपलं गाव नाही आठवत. मी पोचवून देतो म्हटलं."

मी तिला धरलं. ती मलाच ओढत न्यायला लागली. एवढा मी जन्मात भ्यालो नव्हतो... रडतच ओरडलो, "आई, कुठं चालली? हेच घर आहे, हेच!"

ती थांबली. तिचं अंग एकदम ढिलं पडलं. रिकाम्या अंगणाकडे वळून अगदी मायेने म्हणाली, "ऐकलं ना? हेच घर म्हणते तो. या आत."

दुसऱ्या दिवशी जेसीबी नेऊन पांदण खोदली. दगड परत ठेवायचे होते. मुरूम निघाला, माती निघाली, दगड एकही निघाला नाही. त्याआधी रस्ता कोणी उकरल्याची खूण नव्हती. डॉक्टर म्हणतात आईचं वय झालंय. मग गंज कोणी काढला? चिखल कुठून आला?

जमीन सोडली. आई बरी आहे, पुन्हा काठीवर चालते. फक्त रोज दिवेलागणीला मी दार लावायला गेलो की ती खाटेवरून उठते आणि चप्पल शोधायला लागते, त्यांना पोचवायला. म्हणून मी हात कडीवर ठेवून उभा राहतो, ती 'लाव' म्हणेपर्यंत. काल तासभर उभा होतो.

"थांब," ती म्हणते. "आनखी येऊन राहिले."