नववा रकाना

शेठ मला फक्त एवढंच म्हणाले होते, "मुनीमजी, आपल्या मानसांची जरा माहिती असू द्या."

तेही चहा पिता पिता. शेजारच्या तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंगचा कॅशियर मोबाइलवरच्या जुगारात बुडाला आणि गल्ल्यातली रक्कम घेऊन पसार झाला, ही बातमी त्यांच्या कानावर आली होती. दुसरा कोणी असता तर "हो शेठ" म्हणून त्यानं चहा संपवला असता आणि चहाबरोबर विषयही संपला असता. मी जिंतूर रोडवरच्या या जिनिंगमध्ये बावीस वर्षं हिशेब लिहितो. हाती आलेलं काम मी अर्धवट ठेवत नाही. हा माझा गुण आहे, असं मला तोवर वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत फॉर्म तयार झाला. नाव, घर स्वतःचं की भाड्याचं, शेती किती, खाती कोणत्या बँकेत, कर्ज कोणाचं, हप्ता किती, आणि सोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट. असे आठ रकाने झाले. खाली सहीपुरती जागा सोडली तरी चार बोटं पान कोरं राहिलं. मला कोरी जागा बघवत नाही. पावतीवर उरलेल्या जागेतसुद्धा मी तिरपी रेघ मारतो, मागून कोणी काही घुसडू नये म्हणून. इथं रेघ न मारता मी नववा रकाना घातला: 'पत्नीच्या नावावरील ठेवी, बचत गटातील रक्कम व दागिने (तोळ्यांत)'. पान भरलं. मी ते हात लांब करून पाहिलं. छान दिसत होतं.

शेठनं वाचून भुवई वर केली. "बायकांचं बी?"

"पूर्ण माहिती म्हटल्यावर पूर्णच पाहिजे, शेठ."

"करा मंग," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यात नसलेली गोष्ट मी त्यांच्या कपाटात नेऊन ठेवली, ती अशी.

त्याच आठवड्यात कॅमेरे बसले. एक काट्यावर, एक रुईच्या गोदामात, एक गेटवर आणि एक थेट माझ्या टेबलासमोर. शेठ घरी बसून मोबाइलवर आम्हाला बघायचे. फोन यायचा, "मुनीमजी, गोदामातला पंखा कोनासाठी चालू हाय?" मी पळत जाऊन बंद करायचो आणि कॅमेऱ्याकडं बघून मान हलवायचो. इतरांना कॅमेऱ्याचा त्रास व्हायचा. मी मात्र ताठ बसायला लागलो, केसांना तेल जरा बेतानं लावायला लागलो. पहिल्या दिवशी तर इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. बावीस वर्षांत आपलं काम कोणीतरी बघतंय, याचं मला बरं वाटत होतं. माणूस किती खुळा असू शकतो याची नोंद ठेवायची असेल तर ही ठेवावी.

महिना पगारावरच्या तीसेक माणसांना मी फॉर्म वाटले. काट्यावर कापसाच्या गाड्यांचं वजन करणारा एक गृहस्थ आहे. वयानं माझ्याच जोडीचा, पण सगळे त्याला मामा म्हणतात. तोंडात कायम सुपारी, आणि सुपारीच्या आडून कायम थट्टा. त्यानं नवव्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरी इचारा'.

"हे काय, मामा?"

"उत्तर हाय की. मला म्हाईत न्हाई."

"मग विचारा आणि भरा. अपूर्ण फॉर्म मी घेत नसतो."

"बायकोच्या गळ्यातलं इचारायलाव, मुनीमजी. शेठला माझ्या घरी सोयरीक करायचीय का काय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी फॉर्म त्याच्या हातात परत दिला आणि वर एक वाक्य दिलं, जे मला आजही जसंच्या तसं आठवतं. "नुसती माहिती आहे हो. कागदावर राहील. कोणाला काय करायचंय?"

दोन दिवसांनी तो भरलेला फॉर्म घेऊन आला. दोन तोळे, आणि बचत गटात थोडी रक्कम. "लय मागं लागलो तवा बोलली," तो म्हणाला. "मला बी नवंच व्हतं. मी म्हणलो, मुनीमजीचा शबुद हाय, कागदावरच ऱ्हाईल."

आता माझा फॉर्म उरला.

आमच्या घरी हिशेब रोज रात्री जेवणाआधी होतो. भाजी कितीची, दूध किती, तूरडाळ कोणत्या भावानं. बायको सांगते, मी लिहितो. याला मी संसारातली शिस्त म्हणत आलो आहे. ती याला काय म्हणते ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी वही मिटली आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तुझे किती असतील?"

"काय किती?"

"पैसे. पिको-फॉलचे." ती गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना पिको-फॉल करते. मशीन तिच्या माहेरचं.

"कोनाला पायजेत?"

"फॉर्मला."

"फॉर्मला पैसे पायजेत?"

"अगं, माहिती पाहिजे."

"मंग फॉर्मला सांगा, चोवीस वर्षं नवऱ्याला सांगितलं न्हाई, तर तुला काय सांगू?"

"मी रोजचा हिशेब ठेवतोच की."

"तो तुमच्या पगाराचा. त्यातला रुपाया रुपाया देते न मी? हे माझं हाय." आणि तिनं ताट वाढलं. वरण नेहमीपेक्षा पातळ होतं, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील.

ती सांगत नाही म्हणून मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. मला वाटलं, आकडा सांगत नसेल तर काढता येईल. एका रिळात साधारण किती साड्या होतात, साडीमागं दर काय, एवढं कळलं की पुढं सोपा गुणाकार. रविवारी ती देवळात गेल्यावर मी मशीनजवळची कचऱ्याची टोपली पालथी केली आणि रिकामी रिळं वेचायला बसलो. रंगांप्रमाणं लावत होतो. तेवढ्यात दारात सावली आली.

"कचऱ्यात काय हुडकायलाव?"

"काही नाही. रिळं."

"किती घावली?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "अकरा."

"बारा हायत. एक मशीनीखाली लोळत गेलंय. मोजताव तर नीट मोजा."

मी मशीनीखाली हात घालून बारावं काढलं. खरंच होतं. तिनं ती सगळी पदरात घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून टोपलीत चिंध्यांशिवाय काही पडेना. माझा फॉर्म टेबलाच्या खणात तसाच राहिला, नववा रकाना कोरा. त्याच कारणावरून मी चौघांचे फॉर्म परत केले होते.

हे इथवर असतं तर घरातली गंमत म्हणून संपलं असतं. पण मामाला उचल हवी होती. त्याची मुलगी नांदेडला नर्सिंगला आहे. फीचा राहिलेला हप्ता सोमवारपर्यंत भरला नाही तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही, असं कॉलेजनं सांगितलं होतं. परीक्षा हुकली म्हणजे वर्ष गेलं. पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर उचल देणं ही आमच्याकडची जुनी रीत. शेठ कुरकुरतात, दोन शिव्या देतात आणि देतात.

या वेळी शिव्या दिल्या नाहीत. "मुनीमजी, ह्याचा फॉर्म आना," म्हणाले. मी आणला. त्यांनी वरचं काही वाचलं नाही, बोट सरळ खाली नेलं.

"दोन तोळे हायत की रे घरात. गहान टाक. लगेच पैसे भेटतेत. उचल कामून पायजे?"

मामा शेठकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. मी टेबलावरच्या स्टेपलरकडं बघत होतो. त्यात पिना आहेत की संपल्या, हे मी त्या वेळी फार बारकाईनं तपासलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याची बायको आली. गेटवर चौकशी करत थेट माझ्या टेबलाशी.

"मुनीमजी तुमीच का?"

"हो. बसा ना."

"बसाया न्हाई आले. माझ्या गळ्यातलं शेठच्या कागदावर कोनी चढवलं?"

मी म्हणालो, तशी सगळ्यांचीच माहिती घेतली आहे. आवाज हळू ठेवला, म्हणजे तीही हळू बोलेल. तिनं उलट आवाज चढवला.

"नवऱ्याला बी सांगितलं नव्हतं मी. तुमच्या शबुदावर सांगितलं. आता गाडी हाकनाऱ्याला बी म्हाईत झालंय. उद्या चोर आला तर त्याला बी हा कागद दावा, बिचाऱ्याला हुडकायचा तरास नको." गोदामाच्या दारात दोघं तिघं येऊन उभे राहिले होते. ती टेबलावर थोडी वाकली. "तुमच्या मंडळीचं किती लिवलंय?"

"लिहिलेलं नाही."

"कामून?"

"ती सांगत नाही."

ती पहिल्यांदा हसली. "शानी हाय," म्हणाली आणि पदर सावरून गेली.

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायला हवं, पण लागली. मी दमलो की झोपतो. सकाळी मात्र दात घासताना एक गोष्ट डोक्यात आली. आमच्याकडं जुना नियम आहे: एका महिन्याच्या पगाराइतकी उचल मुनीम आपल्या सहीनं देऊ शकतो. मला तो पाठ होता. पण मी प्रत्येक वेळी शेठला विचारायचो आणि या न वापरलेल्या अधिकाराचा मला अभिमान होता, जसा काहींना न घातलेल्या कोटाचा असतो.

शनिवारी दुपारी शेठ घरी होते. कपाटाची एक किल्ली माझ्याकडं असते. मी फॉर्मची फाईल काढली, खणातली कात्री काढली आणि एकेका फॉर्मचा खालचा भाग कापायला लागलो. सहीची जागा त्याच्याही खाली होती, त्यामुळे प्रत्येकाच्या सह्याही त्या पट्टीबरोबर जात होत्या. बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी, हे मीच सगळ्यांना बावीस वर्षं ऐकवत आलोय. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. कापून झाल्यावर मी व्हाउचर पुस्तक ओढलं.

फोन वाजला.

"मुनीमजी, मघापासून काय कापायलाव?"

मी कॅमेऱ्याकडं बघितलं. ताठ बसलो. टेबलाखाली एका पायानं सुटलेली चप्पल शोधत होतो. टेबलाखाली कॅमेरा नाही, हे शेठचे माझ्यावर उपकार. "नववा रकाना, शेठ."

"कामून?"

"तुम्ही मागितलाच नव्हता. मी घातला होता."

"आता आलाय तर ऱ्हाऊ द्यायचा."

"चुकीची नोंद ज्यानं केली त्यानंच खोडायची असते."

"अन् त्ये पुस्तक कशाला काढलंय?"

"मामांची उचल. महिन्याच्या पगाराएवढी. माझ्या सहीत बसते."

"मला इचारलं न्हाई तुमी."

"नाही," मी म्हणालो. पुस्तकात कार्बन घातला आणि रक्कम लिहायला घेतली.

"सोमवारी बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारचं आधीच सांगून टाकतो. नोकरी राहिली, जीएसटीचं रिटर्न तोंडावर होतं आणि माझ्या वह्या माझ्याशिवाय कोणाला उमगत नाहीत. सहीचा अधिकार गेला. आता पन्नास रुपयांच्या झाडूलासुद्धा शेठची परवानगी लागते. पट्ट्या ज्याच्या त्याला परत दिल्या. जिनिंगमध्ये काडी ओढायला बंदी असल्यामुळं जाळता आल्या नाहीत. कागद कापला तरी शेठनं वाचलेलं कापता येत नाही, हेही मला माहीत आहे.

त्या शनिवारी, शेठचा फोन झाल्यावर, मी मामाला आत बोलावलं. व्हाउचरवर त्याची सही घेतली, नोटा पुढं केल्या आणि वर ती कागदाची पट्टी ठेवली. "ही घरी द्या," म्हणालो. त्यानं पट्टी उलटसुलट बघून वरच्या खिशात घातली.

मग त्यानं नोटा मोजल्या. बावीस वर्षांत माझ्या हातून घेतलेले पैसे त्यानं कधी मोजले नव्हते. सावकाश, अंगठ्याला थुंकी लावून, एकेक नोट मोजली. मोजून झाल्यावर गड्डी उलटी केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. बाहेर काट्यावर कापसाची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मामा थांबला नाही. मीही त्याला थांबवलं नाही. हात टेबलावर ठेवून त्याचं मोजणं होईपर्यंत बसून राहिलो.

"बरोबर हायत," तो म्हणाला आणि गाडीचं वजन घ्यायला गेला.