सामायिक बाटली

आमच्या प्रयोगशाळेत काळपट काचेची एक बाटली होती आणि तिच्यात आयनिक द्रव. म्हणजे मीठच, पण साध्या तापमानालाही तेलासारखं वाहतं राहणारं. त्याला वास नाही, ते उडून जात नाही, आणि महाग इतकं की बाटली उचलताना सरांचा आवाजही खाली यायचा. बेंझीनच्या वासात डोकं धरून बसण्यापेक्षा या मिठात पॉलिमर वाढवायचं, हा आम्हा सगळ्यांचा विषय. द्रव दाट, त्यामुळे साखळ्यांची वाढती टोकं एकमेकांना लवकर भेटत नाहीत, आणि भेटून संपत नाहीत तोवर साखळ्या लांब होत जातात. काम झालं की सगळं मिथेनॉलमध्ये ओतायचं. पॉलिमर पांढरं होऊन वेगळं पडतं. मग मिथेनॉल उडवून द्रव परत मिळवायचा आणि बाटलीत भरायचा. सगळ्यांचा द्रव त्याच एका बाटलीत. थेंब सांडला तर सर दिवसभर बोलायचे नाहीत.

शेजारच्या टेबलावर ती होती, माझ्याहून एक वर्ष मागे. खाप्याहून रोज बसने यायची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात शिक्षणापुढे दुसरं काही नव्हतं, तरी पीएचडीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. वडील हातमागावर विणायचे. तिचं पहिलं पॉलिमर निघालं तेव्हा मिथेनॉलमध्ये लांबच लांब पांढरे धागे आले. ते तिने कागदाच्या पुडीत बांधून घरी नेले. वडिलांनी बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, याचं लुगडं तर नाही होत, पण हात चांगला हाये तुहा. दुसऱ्या दिवशी हे तिने आम्हाला किमान पाच वेळा सांगितलं असेल. मी चिडवलं, बस कर वं बाई, पाठ झालं आता.

माझं काम वेगाचं होतं. दर दहा मिनिटांनी एक नळी बाहेर काढायची, अभिक्रिया तिथल्या तिथे थांबवायची आणि किती पॉलिमर झालं ते मोजायचं. थांबवण्यासाठी मिथेनॉलमध्ये चिमूटभर हायड्रोक्विनोन टाकायचं. ते वाढती टोकं मारून टाकतं. पण मिथेनॉल उडालं तरी ते द्रवात मागे राहतं आणि हवेत तापलं की चहासारखा रंग येतो. असला द्रव वेगळा ठेवायचा असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी दोनदा तो वेगळ्या बाटलीत ठेवलाही. तिसऱ्या वेळी सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, काय गं, वेगळा संसार मांडला का? सगळे हसले. मीही हसले. आणि नुसत्या लाजेपोटी तो द्रव सामायिक बाटलीत ओतून दिला. एवढ्याशाने काय होतं, असं मनात म्हटलं. काळपट काचेतून रंग कुणाला दिसणार होता?

मी नंतर प्रबंध लिहायला बसले. बाकीच्यांचे प्रयोग आधीच आटोपले होते, बाटली वापरणारी ती एकटीच उरली. आणि तिचे धागे बंद झाले.

चार महिने काही निघालं नाही. मिथेनॉलमध्ये ओतलं की नुसतं गढूळ पाणी. ज्याचं पॉलिमर होतं तो मोनोमर तिने नवीन आणला, नायट्रोजनचं सिलिंडर बदलून पाहिलं, काचेची भांडी तीन-तीनदा धुतली. तेच मिश्रण, तेच तापमान, आधी जमलेली गोष्ट. रंग वापरून वापरून बदलत असेल असं तिने धरलं, द्रवावर मात्र शंका घेतली नाही. तो तर आपला सगळ्यांचा, घरच्या माठासारखा. सरांनी सांगून टाकलं होतं की या सत्रात आकडे आले नाहीत तर तिचा विषय बंद करावा लागेल. एके दिवशी तिच्या टेबलाजवळ येऊन ते सगळ्यांसमोर म्हणाले, "या कामाला हात स्वच्छ लागतो. प्रत्येकाला ते जमत नाही."

सरांना काय म्हणायचं होतं कोण जाणे. ते शब्द तिला कुठे लागले ते मात्र मी पाहिलं. तिने हात ओढणीखाली घेतले. बसपर्यंत मी सोबत गेले तर म्हणाली, माह्या हातालेच काहीतरी झालं वं. मी म्हटलं, वेडी आहेस का? तेव्हा मला कारण खरंच माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी कळलं. प्रबंधात फोटो टाकायचा म्हणून मी बाटलीतला द्रव साध्या नळीत ओतला. तपकिरी! हायड्रोक्विनोनचा तो चहाचा रंग, माझ्याच हातचा. त्याच क्षणी उठून तिच्याकडे जायला पाहिजे होतं. टेबल चार पावलांवर होतं. पण माझा प्रबंध बांधायला जाणार होता. सर म्हणतील, तुझे आकडे तरी खरे कशावरून, सगळं पुन्हा कर. घरी लग्नाची तारीख निघाली होती. मी भित्री, आपमतलबी पोरगी होते, दुसरं काय. मी ठरवलं की न सांगता द्रवच साफ करून ठेवू. तिचे धागे येतील आणि प्रश्न मिटेल.

संध्याकाळी ती बस धरायला निघाली की मी थोडा द्रव काढून कोळशातून गाळायचे. तो दाट, थेंब थेंब उतरायचा. दिवसा ती बाटलीत उरलेल्या त्याच घाणीत प्रयोग लावायची आणि मी शेजारी बसून संदर्भयादी तपासायचे. असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या सकाळी साफ द्रव बाटलीत भरून ठेवला आणि तिची वाट पाहत बसले. अकरा वाजता सरांनी सांगितलं की तिने आदल्या दिवशीच अर्ज दिला, ती सोडून गेली.

मी डॉक्टर झाले, कॉलेजात लागले, मनीषनगरात घर झालं. ती वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला आहे हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मनीषनगरहून वाडी काही चंद्रावर नाही. तरी नऊ वर्षं मी गेले नाही. गेल्या हिवाळ्यात प्रात्यक्षिकाच्या वेळी एका मुलीचा प्रयोग तिसऱ्यांदा फसला आणि मी वैतागून बोलून गेले, "हात स्वच्छ लागतो याला." मुलीने मान खाली घातली. बाप्पा, माझ्याच तोंडून ते निघालं! मी तास अर्ध्यावर सोडला आणि गाडी वाडीकडे घातली.

ती काउंटरमागे मालाची बिल्टी लिहीत होती. केस बरेच पांढरे झाले होते. तिने स्टूल सरकवलं, चहा सांगितला. चहा यायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं, सरांच्या थट्टेपासून कोळशापर्यंत, दिवसांच्या मोजणीसह.  शेवटी तिने दोनच गोष्टी विचारल्या, हायड्रोक्विनोन किती टाकलं होतं आणि मिथेनॉल किती डिग्रीवर उडवलं. मी सांगितलं. तिने मनात हिशेब केल्यासारखी मान हलवली. मग डोळे भरून आले तिचे.

"म्हणजे माहा हात बरोबर होता," ती म्हणाली. "बाबा असते तर त्यांले सांगितलं असतं. जाईपर्यंत त्यांले वाटत होतं, पोरीलेच जमलं नाही. आता मले पाहिजे. लिहून दे."

तिने कोरा कागद पुढे केला. मी लिहिलं की तिच्या प्रयोगात दोष नव्हता, माझ्याकडून सामायिक द्रवात चुकून हायड्रोक्विनोन गेलं होतं. खाली सही केली. तिने दोनदा वाचलं आणि 'चुकून'वर बोट ठेवलं.

"ओतलं ते चुकून, मानलं," ती म्हणाली. "अन् ते तेवीस दिवस?"

मी सहीखाली आणखी एक ओळ लिहिली: नंतर मला माहीत होतं. तिने ती वाचली, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, माल कुठे पाठवायचा आहे?